ऐंशी मुलांचा प्रयोग : शिक्षणशास्त्रातल्या पीएच.डी.विषयी

(अध्यापक महाविद्यालयातील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवत राहिले. डॉक्टर ही उपाधी त्यांच्या नावाला कधी लागली नाही. तरीही त्यांच्या नावाच्या व्याख्यानासाठी मी पीएच.डी. हाच विषय निवडला. शिक्षणशास्त्रातली पीएच.डी. आणि प्राथमिक शाळेतला शिक्षक यांची आपल्याकडे सहसा गाठ पडत नाही. ती का पडत नाही आणि कशी पडेल, याबद्दल मला बोलायचं आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत कुणाला अंदाज बांधत बसायला नको. त्याच मुलांबरोबर वर्षानुवर्षं राहायला मिळणं, हे शिक्षकाचं असं भांडवल आहे की जे बाहेरून येणाऱ्या कुठल्याही संशोधकाला विकत घेता येत नाही. आपल्या प्रबंधांचा प्रचलित साचा नेमकं हेच भांडवल बाजूला ठेवायला लावतो आणि शिक्षकाजवळ जे नाही त्याचं सोंग आणायला लावतो.

पदवीचा रस्ता

शिक्षणशास्त्रातली पीएच.डी. आपल्याला परकी नाही. मुंबई विद्यापीठात १९३६ साली एम.एड. सुरू झालं आणि १९४३ साली शिक्षणशास्त्रातली देशातली पहिली पीएच.डी. याच विद्यापीठाने दिली. पुढे एवढे प्रबंध झाले की त्यांची मोजदाद करण्याची वेळ आली. १९७४ मध्ये बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातल्या शिक्षणशास्त्राच्या प्रगत अध्ययन केंद्राने एम. बी. बुच यांच्या संपादनाखाली देशभरातल्या शैक्षणिक संशोधनाचा पहिला आढावा प्रसिद्ध केला. ‘संबंधित साहित्याचा आढावा’ हे प्रकरण लिहिणाऱ्या कित्येक पिढ्या बुच यांच्या खंडांवर जगल्या. आता ते काम ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारावर घरबसल्या होतं.

नियमांचं थोडक्यात सांगतो, कारण ते बदलत राहतात आणि स्टाफरूममधली माहिती बहुधा जुनी असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनुसार एम.फिल. बंद झालं. पीएच.डी.चा कालावधी कोर्सवर्क धरून कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षं. महिला आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेले संशोधक यांना त्यापुढे जादा मुदत मिळते, महिलांना २४० दिवसांपर्यंत प्रसूती व बालसंगोपन रजाही आहे. कोर्सवर्क १२ ते १६ क्रेडिटचं. एका वेळी प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार संशोधक असू शकतात. नोकरी सांभाळून अर्धवेळ संशोधन करता येतं, मात्र संस्थेचं ना-हरकत पत्र लागतं. प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध छापलाच पाहिजे, ही २०१६ ची अट २०२२ मध्ये गेली. २०२४ पासून नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या गुणांवरही पीएच.डी.चा प्रवेश मिळू लागला.

रस्ता असा आखलेला आहे. त्यावरून चालणारे कशासाठी चालतात, हेही मोकळेपणाने बोलू या. अध्यापक महाविद्यालयाचं प्राचार्यपद हवं असेल तर पीएच.डी. लागते. बढतीच्या वेळी तिचा उपयोग होतो. नावाआधी डॉक्टर लागलं की गावात पत वाढते. यातल्या कुठल्याच कारणाला मी नाक मुरडणार नाही; पोटापाण्याचा विचार करण्यात कमीपणा कसला? माझी तक्रार पुढची आहे. पदवी कुठल्याही कारणासाठी घ्या, पण त्या निमित्ताने आयुष्यातली चार-पाच वर्षं खर्ची पडतात. त्या वर्षांत काहीतरी खरं कळायला हवं.

साचा

शिक्षणशास्त्राच्या कुठल्याही ग्रंथालयात प्रबंधांच्या कपाटासमोर उभे राहा. काळे-निळे-लाल पुठ्ठे, त्यावर सोनेरी अक्षरं. शीर्षकं साधारण अशी असतात : इयत्ता आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी विज्ञानातल्या अमुक घटकावर तमुक कार्यक्रमाची निर्मिती आणि त्याच्या परिणामकारकतेचा अभ्यास. आतली प्रकरणं पाठ झालेली. प्रस्तावना, संबंधित साहित्य, संशोधन पद्धती, विश्लेषण व अर्थनिर्वचन, निष्कर्ष व शिफारशी. एका शाळेतल्या दोन तुकड्या घ्यायच्या. ‘अ’ हा प्रायोगिक गट, ‘ब’ हा नियंत्रित गट. दोघांची पूर्वचाचणी. मग ‘अ’ला दोन-तीन आठवडे नव्या पद्धतीने शिकवायचं, ‘ब’ला नेहमीच्या. मग उत्तरचाचणी. ‘टी’ मूल्य काढायचं, ते ०.०१ स्तरावर सार्थक ठरतं, शून्य परिकल्पनेचा त्याग होतो आणि कार्यक्रम परिणामकारक असल्याचा निष्कर्ष निघतो. शेवटी शिफारस : शासनाने हा कार्यक्रम सर्व शाळांत राबवावा.

या प्रयोगात नेमकं काय बिघडतं, ते जरा जवळून पाहू. बी.एड.च्या विद्यार्थ्यांनी हा हिशोब वहीत करून पाहावा, अवघड नाही.

दोन तुकड्या, प्रत्येकीत चाळीस मुलं, एकूण ऐंशी. टी-चाचणी धरून चालते की ही ऐंशी मुलं म्हणजे ऐंशी स्वतंत्र निरीक्षणं आहेत, एकाच्या गुणांचा दुसऱ्याच्या गुणांशी संबंध नाही. पण एका वर्गातली मुलं अशी सुटी सुटी नसतात. त्यांचा शिक्षक एक, फळा एक, तासाची वेळ एक. शेजारच्याची वही पाहायची सोय एक. शिक्षक रजेवर गेला तर चाळीसही जणांचा धडा राहतो. म्हणून एकाच वर्गातल्या मुलांच्या गुणांत साम्य असतं आणि ते मोजता येतं. समजा ते ०.२ आहे; शाळेतल्या गुणांच्या बाबतीत हा आकडा अवास्तव नाही. आता सूत्र असं : गटातल्या मुलांच्या संख्येतून एक वजा करा, त्याला साम्याने गुणा, त्यात एक मिळवा. ३९ गुणिले ०.२ म्हणजे ७.८, त्यात एक मिळवला की ८.८. एकूण ८० मुलांना ८.८ ने भागा. उत्तर येतं नऊ. ऐंशी मुलांच्या प्रयोगात स्वतंत्र माहिती आहे ती जेमतेम नऊ मुलांएवढी, आणि आपण ‘सार्थकता’ काढली ती ऐंशी धरून.

हेही उदार मनाने. खरं तर तुकड्याच दोन, त्यामुळे पद्धतीचा परिणाम कोणता आणि शिकवणाऱ्या माणसाचा कोणता, हे वेगळं काढायला काही वावच नसतो. ‘अ’ तुकडीला बहुधा स्वतः संशोधक शिकवतो : नवे तक्ते, नवा उत्साह, कधी प्रोजेक्टर. ‘ब’ तुकडीला शाळेतले सर, ज्यांच्या मागे त्याच आठवड्यात शालेय पोषण आहाराची माहिती भरायचं काम लागलेलं असतं. ‘अ’ तुकडी पुढे गेली, यात नवल काय?

हा साचा आला कुठून? टी-चाचणी विल्यम गॉसेट यांनी १९०८ साली ‘स्टुडंट’ या टोपणनावाने प्रसिद्ध केली; ते डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कंपनीत नोकरीला होते. प्रायोगिक आणि नियंत्रित अशा वाटणीचं शास्त्र रोनाल्ड फिशर यांनी इंग्लंडमधल्या रोदमस्टेडच्या शेतकी संशोधन केंद्रात घडवलं आणि त्यांचं पुस्तक १९२५ मध्ये आलं. शेताचे अनेक तुकडे पाडायचे, चिठ्ठ्या टाकून काहींना खत द्यायचं, काहींना नाही. ते शास्त्र भक्कम आहे, पण त्याची मूळ मागणी अशी की तुकडे भरपूर हवेत आणि कुणाला काय मिळणार ते चिठ्ठीने ठरायला हवं. दोनच वाफे घेऊन, एकाला स्वतः पाणी घालून काढलेला निष्कर्ष फिशरनी मानला नसता. १९४० मध्ये लिंडक्विस्ट यांनी हे तंत्र शिक्षणक्षेत्रासाठी मांडलं, तेव्हाच शाळा आणि वर्ग हे एकक म्हणून धरण्याची गरज सांगितली होती. आपण तंत्र उचललं, अट तिथेच ठेवली.

अट पाळली तर काय होतं?

ती अट पाळून केलेला प्रयोग आपल्या शेजारीच झाला आहे. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदरा इथल्या महापालिका शाळांत ‘प्रथम’ या संस्थेचा ‘बालसखी’ हा उपक्रम चालू होता. वस्तीतलीच एखादी शिकलेली तरुणी, तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा-वीस मुलं रोज दोन तास वर्गाबाहेर घेऊन बसायची आणि वाचन, बेरीज-वजाबाकी अशा मूळ गोष्टी पुन्हा शिकवायची. अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो, शॉन कोल आणि ली लिंडन या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला. बालसखी कुठल्या शाळेत कुठल्या इयत्तेला मिळणार, हे चिठ्ठीसारख्या यादृच्छिक पद्धतीने ठरलं. दोन्ही शहरांत मिळून दीडशेहून अधिक शाळा होत्या. पहिल्या वर्षी मुलांचे गुण ०.१४ प्रमाण विचलनाने वाढले, दुसऱ्या वर्षी ०.२८ ने. उपक्रम संपल्यावर वर्षभराने पाहिलं तेव्हा फायदा ०.१० च्या आसपास उतरला होता. २००७ साली हा निबंध प्रसिद्ध झाला आणि २०१९ मध्ये बॅनर्जी-दुफ्लोंना मायकेल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं तेव्हा त्यामागच्या कामांत याचीही गणना झाली.

या आकड्यांतला तिसरा आकडा मला सर्वांत मोलाचा वाटतो. फायदा ओसरतो, हे त्यांनी लपवलं नाही. आपले किती प्रबंध वर्षभराने त्याच मुलांकडे परत गेले आहेत?

पण यातून ‘आपणही असंच करावं’ हा धडा काढू नका. दीडशे शाळा, प्रशिक्षित परीक्षक, महापालिकेची परवानगी, पैसा, हे एकट्या शिक्षकाला झेपणार नाही आणि झेपलं नाही म्हणून त्याने खंत करू नये. त्याने दोन तुकड्यांत त्याची नक्कल तेवढी करू नये. त्याच्याजवळ दुसरं काही आहे. ते काय, ते एका वादाच्या निमित्ताने सांगतो.

वीस एक की एकवीस?

जून २०१९ मध्ये बालभारतीचं दुसरीचं नवं गणिताचं पुस्तक आलं. त्यात संख्यावाचनाची ‘वीस एक, वीस दोन’ अशी पद्धत होती. महाराष्ट्रभर गदारोळ झाला. वर्तमानपत्रांत अग्रलेख आले, विधानसभेत विषय निघाला, आडनावांवरून विनोद झाले. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी कारणं दिली : जोडाक्षरांनी भरलेले संख्याशब्द मुलांना जड जातात आणि मराठीत संख्या बोलताना एकक आधी येतो, लिहिताना दशक. कानडी, तेलुगू, तमिळमध्ये हा उलटेपणा नाही. जुने शब्द काढून टाकलेले नाहीत, हाही खुलासा झाला. विरोधकांनी भाषेच्या सौंदर्याचा आणि परंपरेचा मुद्दा मांडला. दोन्ही बाजूंना मतं होती. मुलांच्या वह्या पुढे आल्याचं मात्र मला आठवत नाही.

आता हा प्रश्न दुसरीच्या बाईंच्या हातात द्या. त्या फळ्याकडे पाठ करून म्हणतात, ‘त्रेचाळीस लिहा’. एक मुलगा ३४ लिहितो, कारण त्याने ‘त्रे’ आधी ऐकलं. दुसरी मुलगी ४३ च लिहिते, पण ती आधी ३ काढते आणि मग त्याच्या डावीकडे सोडलेल्या जागेत ४ काढते. तपासताना तिच्या वहीत उत्तर बरोबर आहे, आणि ती कशी पोचली हे फक्त तिच्या शेजारी उभ्या असलेल्या बाईंनाच दिसतं. बाई म्हणतात, ‘एकोणचाळीस’. कुणी ४९ लिहितं, कुणी ४१. ‘चाळीस’ कानावर पडल्यावर चार हा अंक येणारच. आणि सगळे एकोण-वाले शब्द पाठ झाल्यावर नव्व्याण्णव येतो, तो त्या नियमाला धरून नाहीच.

या चुका तीन-चार प्रकारांत लावता येतात. अंकांची अदलाबदल, ‘एकोण’ची फसगत, त्रेपन्न-त्रेसष्ट यांसारख्या जवळच्या आवाजांची गल्लत. मग खरे प्रश्न सुरू होतात. कुठल्या प्रकारची चूक दिवाळीपर्यंत आपोआप जाते आणि कुठली तिसरीतही टिकते? उलटं लिहिणारी मुलं हातच्याच्या वजाबाकीत जास्त चुकतात का? सेमी-इंग्रजी वर्गात ‘फॉर्टी थ्री’ आधी शिकलेल्या मुलाची चूक वेगळी असते का? घरी कोरकू किंवा भिली बोलणाऱ्या मुलाला मराठी संख्याशब्द शाळेतच पहिल्यांदा भेटतात, त्याचं काय होतं? जर्मन भाषेतही एकक आधी बोलतात आणि जर्मन बोलणाऱ्या पहिलीच्या मुलांच्या अशा चुकांवर संशोधन झालेलं आहे. आपल्याकडे तर एकोण-ची भर पडते. हा आपलाच प्रश्न आहे, दुसरं कोण सोडवणार?

यासाठी नियंत्रित गट लागत नाही. एक वर्ग लागतो, दर महिन्याला पंधरा मिनिटांचं संख्यालेखन लागतं, मूल लिहीत असताना हात कुठून कुठे गेला याची नोंद लागते आणि तीच मुलं दुसरीपासून चौथी पूर्ण करेपर्यंत धीर लागतो. दुसरीपासून चौथीपर्यंत तीन वर्षं. पीएच.डी.चा किमान कालावधीही तेवढाच आहे. पुण्या-मुंबईहून कुठला प्राध्यापक तीन वर्षं एका जिल्हा परिषद शाळेत बसणार? शिक्षक मात्र तिथे बसलेलाच आहे आणि त्यासाठी त्याला पगार मिळतो आहे.

असं काम केलेली माणसं

कुणी म्हणेल, हे निरीक्षण झालं, याला शास्त्र कसं म्हणायचं? माझं उत्तर कोसबाडचं आहे.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला काम सुरू केलं; बोर्डी आता पालघर जिल्ह्यात आहे. १९५७ मध्ये ते काम कोसबाडला गेलं. आदिवासी मुलं शाळेत येत नव्हती. त्यांना शिक्षणाची ओढ नाही, हा त्या काळचा सोपा निष्कर्ष होता. या दोघींनी मुलं दिवसभर कुठे असतात ते पाहिलं. लहानगी घरच्या अंगणात भावंडांबरोबर होती, मोठी गुरांमागे होती. मग बालवाडी अंगणात नेली, ती अंगणवाडी; गुरं चरतात तिथे शिकवायला सुरुवात केली, ती कुरणशाळा. साधनं बाजारातून आणली नाहीत, बिया, शिंपले, पानं, दगड यांची केली. पुढे २ ऑक्टोबर १९७५ ला देशात एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. ‘मुलं येत नाहीत’ या वाक्याचं ‘मुलं कुठे असतात’ या प्रश्नात रूपांतर करणं, ही संशोधनाची पहिली पायरी. ती चुकली तर पुढची सांख्यिकी काही वाचवू शकत नाही.

शिक्षणतज्ज्ञ चित्रा नाईक यांच्याकडे शिक्षणशास्त्रातली पीएच.डी. होती आणि त्यांनी ती कपाटात ठेवली नाही. जे. पी. नाईकांनी १९४८ मध्ये मुंबईत स्थापन केलेली भारतीय शिक्षण संस्था १९७६ मध्ये पुण्याला आली, तिथून चित्राताईंनी खेड्यांतल्या शाळाबाह्य मुलांसाठी अनौपचारिक प्राथमिक शिक्षणाचे कृतिप्रकल्प चालवले. विज्ञानशिक्षणात होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचं उदाहरण आहे. १९७४ मध्ये सुरू झालेल्या या केंद्राने सुरुवातीच्या वर्षांतच जळगाव जिल्ह्यातल्या खिरोदा परिसरातल्या शाळांबरोबर काम केलं. आज मानखुर्दच्या त्यांच्या आवारात विज्ञानशिक्षणात पीएच.डी. करता येते. ज्यांना शिकणं कसं घडतं याचा बारकाईने अभ्यास करायचा आहे, त्यांनी तिथले प्रबंध जरूर चाळावेत.

आणि पीएच.डी.च्या विद्यार्थ्याचं काम छोटं असतं, असंही समजू नका. बेंजामिन ब्लूम यांचा १९८४ चा ‘दोन सिग्मा’ निबंध शिक्षणशास्त्राच्या सर्वाधिक चर्चिल्या गेलेल्या निबंधांपैकी एक. एकेका मुलाला स्वतंत्र शिकवलं तर सरासरी मूल नेहमीच्या वर्गातल्या बहुसंख्य मुलांच्या पुढे जातं, हा त्यातला दावा. तो उभा होता शिकागोतल्या ब्लूम यांच्या दोन विद्यार्थ्यांच्या, अनानिया आणि बर्क यांच्या, प्रबंधांवर. एवढा मोठा फरक पुढच्या अभ्यासांत सहसा आढळला नाही, हा भाग वेगळा. पण चाळीस वर्षं जग ज्याची पडताळणी करत राहिलं, ते दोन पीएच.डी.चं काम होतं.

नाव नोंदवणाऱ्यांना चार गोष्टी

आता थोडं व्यवहाराचं.

पहिली गोष्ट, विषय गाइडकडून मागून घेऊ नका. गाइडकडे जाताना आपल्या वर्गातली एक अडचण आणि तिचे पुरावे म्हणून मुलांच्या पंधरा-वीस वह्या घेऊन जा. जो गाइड त्या वह्या उघडून पाहील, त्याच्याकडे नाव नोंदवा. जो थेट ‘चल (व्हेरिएबल) कोणतं घ्यायचं?’ असं विचारेल, त्याला नमस्कार करून परत या.

दुसरी, मार्गदर्शक संशोधन सल्लागार समितीसमोर तुमच्या बाजूने बोलणारा हवा. साच्याबाहेरचा आराखडा नेला की ‘परिकल्पना कुठे आहे?’ हा प्रश्न येणारच. गुणात्मक आणि दीर्घकालीन अभ्यासाच्या पद्धती काटेकोर असतात, नोंदी कशा तपासायच्या, दुसऱ्या व्यक्तीकडून वर्गीकरण करून घेऊन जुळणी कशी पाहायची, याचे नियम असतात. ते शिकून जा. साचा मोडायचा असेल तर साचेवाल्यांपेक्षा जास्त अभ्यास लागतो.

तिसरी, प्रबंध मराठीत लिहिता येत असेल तर मराठीत लिहा, आणि स्वतः लिहा. प्रबंध लिहून देणारी, पैसे घेऊन निबंध छापणारी दुकानं कुठे आहेत हे सगळ्यांना माहीत असतं. २०१८ च्या विनियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं, म्हणून नऊ टक्के आलं की आपण सुटलो असं लोक मानतात. सॉफ्टवेअर शब्द जुळवून पाहतं. न घेतलेल्या मुलाखती आणि न झालेले तास त्याला पकडता येत नाहीत. तिथे तुम्ही आणि तुमचा विवेक.

चौथी, पैशाचा आणि घराचा हिशोब आधी करा. जेआरएफ ही कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाली तर जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहेत. राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत, पण जाहिरात, निवड आणि हप्ता यांत जाणारा काळ गृहीत धरूनच पाऊल टाका. नोकरी करणाऱ्या बाईंना तर शाळा, घर आणि प्रबंध अशी तिहेरी पाळी करावी लागते. घरच्यांनी कौतुकाच्या जोडीला संध्याकाळचा स्वयंपाक हाती घेतला, तर प्रबंध एक वर्ष आधी होईल.

विद्यापीठांकडे दोन मागण्या

शेवटी विद्यापीठांकडे आणि इथल्या प्राध्यापकांकडे दोन मागण्या ठेवतो. या मागण्यांना पैसे लागत नाहीत, कुठल्या विनियमाची आडकाठीही नाही.

एक : ज्या शाळांतून माहिती गोळा केली, त्या शाळांसाठी प्रत्येक प्रबंधासोबत वीस पानांची मराठी पुस्तिका असावी. काय विचारलं, काय दिसलं, काय चाललं नाही आणि उद्या वर्गात काय करून बघता येईल, एवढंच त्यात असावं. ‘शासनाने राबवावे’ या शिफारशीवर त्या पुस्तिकेत बंदी घाला. शिफारस सोमवारी सकाळी शिक्षकाला करता येईल अशी हवी.

दोन : पीएच.डी.ची मौखिक परीक्षा ही विभागातल्या प्राध्यापकांसाठी, संशोधकांसाठी आणि विद्यार्थ्यांसाठी खुली असते. तिला त्या शाळांतल्या शिक्षकांनाही बोलवा आणि त्यांना प्रश्न विचारू द्या. ‘आमच्या वर्गात पन्नास मुलं आणि दोन इयत्ता एकत्र आहेत, तिथे हे कसं करायचं?’ या प्रश्नाला ज्याच्यापाशी उत्तर आहे, किंवा ‘तिथे हे चालणार नाही’ असं कारणासह सांगण्याची तयारी आहे, त्याला खुशाल डॉक्टर म्हणा. बहिःस्थ परीक्षकाच्या प्रश्नांपेक्षा हा प्रश्न अवघड आहे, आणि या पदवीचा कस लागायचा तो इथेच.

 आता प्रश्न विचारा. सुरुवात शाळांतल्या शिक्षकांनी करावी.